भावी फौजदार

दहावीच्या वर्गांना ‘करिअर मार्गदर्शन’ करायचं काम आमच्या शाळेत माझ्या गळ्यात पडलं, त्याला माझी लायकी कारण नव्हती. बाकीच्या शिक्षकांनी आधीच अंग काढून घेतलं होतं, एवढंच. शिवाजी पेठेत शिकवणाऱ्या बाईला मार्गदर्शनाचं अजीर्ण झालेलं असतं. इथे चहाच्या गाड्यावर उभा असलेला कुणीही तुम्हाला फुटबॉलपासून परराष्ट्र धोरणापर्यंत कशावरही मार्गदर्शन करतो, आणि ते ऐकलं नाही तर रागावतो.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी पुण्याहून एक वक्ते आणले. विषय, ‘स्वतःला ओळखा’. गृहस्थ कोटात घामाघूम झाले होते, पण कोट काढायला तयार नव्हते. त्यांनी बासरीची धून लावली, मुलांना डोळे मिटायला सांगितलं आणि हळुवार आवाजात विचारलं, “दहा वर्षांनंतरचे तुम्ही तुम्हाला दिसताय का?” ज्यांना संध्याकाळी घरात कोणती भाजी करायची हे विचारायची पद्धत नाही, त्यांनी दहा वर्षांनंतरचं बघायचं! त्यात पालकांना शेजारीच बसवलेलं. मुलाला विचारावं, तुला काय आवडतं, तर उत्तर आई देणार. “त्याला गणित लई आवडतंय.” त्या बापड्याला गणितात कसंबसं काठावर आणून सोडताना मला काय यातना झाल्या होत्या, ते मलाच माहीत. वक्ते मात्र खूश होऊन मान डोलवत होते.

तेवढ्यात एका मुलीने डोळे उघडून हात वर केला. एरवी वर्गात तिचा आवाज क्वचितच ऐकू यायचा.

“सर, मला काय व्हायचंय ते दिसत न्हाय. पण काय जमणार न्हाय ते म्हाईत हाय. चालंल का?”

सभागृह हसलं. वक्तेही हसले. “बेटा, नकारात्मक विचार करायचा नाही,” म्हणाले, आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्या कोटासकट त्यांना रंकाळा तलावात बुडवावं असं मला मनापासून वाटलं. दोन तास ‘स्वतःला ओळखा’ म्हणून घसा कोरडा करायचा, आणि स्वतःला ओळखणारी एकुलती एक पोर समोर उभी राहिली की तिला खाली बसवायचं.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. काय जमणार नाही, विचारलं.

“कुणावर ओरडायचं काम, बाई. एकदा ओरडलं की झालं. मग दिवसभर जेवण जात न्हाय.”

मागच्या वर्षी ती वर्गाची मॉनिटर होती. प्रत्येक बाकापाशी जाऊन हळू आवाजात सांगायची आणि पोरं गप्पही बसायची. पण ‘कडक नाही’ म्हणून वर्गशिक्षकांनी तिला काढलं. वर्ग गप्प आहे की नाही, हे बघायचं त्यांना सुचलं नाही. सोळाव्या वर्षी या मुलीला स्वतःबद्दल जेवढं कळलं होतं, तेवढं आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना निवृत्त होईपर्यंत कळणार नाही.

पण तिचं करिअर ठरवायला तिची गरज कुणाला होती? आमच्या पेठेत माणूस जन्मला, निवडून आला, नाहीतर नुसताच पडला, तरी चौकात डिजिटल फलक लागतो. दहावीचा निकाल लागल्यावर तिचा वाढदिवस आला आणि तिच्या थोरल्या काकाने, पेठेतल्या तालीम मंडळाच्या मोठ्या कार्यकर्त्याने, भला थोरला फलक लावला. कुणाच्या तरी वर्दीवर तिचा चेहरा चिकटवलेला, खाली ‘भावी फौजदार’, आणि भोवती शुभेच्छुकांचे हात जोडलेले फोटो. तिच्यापेक्षा काकाचाच फोटो मोठा. बाकीचं जग आधी विचार करतं आणि मग जाहीर करतं. आम्ही आधी जाहीर करतो, आणि मग अब्रूचा प्रश्न होतो म्हणून विचार करायचं राहूनच जातं. येणारेजाणारे तिला “काय फौजदार?” म्हणून हाका मारू लागले, तशी ती मागच्या बोळाने ये-जा करू लागली.

गडहिंग्लजच्या एका निवासी अकॅडमीत तिला घालायचं ठरलं. अकरावी-बारावी तिथेच आणि सोबत पोलीस भरतीची तयारी. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी न बोलावता तिच्या घरी गेले. काका खुर्चीत बसला होता. तिचे वडील कळंब्याच्या जेलमध्ये शिपाई. ते नुकतेच ड्युटीवरून येऊन कॉटवर टेकले होते, खाकी पँट अजून अंगावरच होती.

“मॅडम, फलक लागलाय,” काका म्हणाला. “आता माघार घेतली तर पेठेत त्वांड कसं दाखवायचं?”

“तोंड तुमचं, पण आयुष्य तिचं आहे,” मी म्हणाले. “तिला ओरडण्याचं काम जमणार नाही, ती स्वतः सांगतेय.”

“ओरडायला येत न्हाय म्हणं! तिथं शिकवत्यात की!” त्याने तिला स्वयंपाकघरातून हाक मारली आणि खोलीच्या मधोमध उभं केलं. “ओरड बघू माझ्यावर. म्हण, ए, हो मागं! म्हण की!”

तिने ओले हात ओढणीला पुसले. तो मात्र इतका ओरडला, की शेजारच्या बायका दारात जमल्या. आवाज म्हणजेच अक्कल असं मानणाऱ्या माणसांचा मला आयुष्यभर तिटकारा आहे. मी उठणार, तेवढ्यात ती बोलली.

“काका, मी जाणार न्हाय.”

“काय? मोठ्यांदी बोल!”

“मी जाणार न्हाय.” आवाज तेवढाच.

“ऐकू येत न्हाय! मोठ्यांदी!”

“मला आलं ऐकू, दादा,” तिचे वडील म्हणाले.

थोरल्या भावापुढे हा माणूस तोंड उघडेल असं मला वाटलंच नव्हतं. ते काकाकडे न बघता मुलीकडे बघत होते.

“दिवसभर जेलात ओरडून येतोय मी. घरी आलो की कुणाशी बोलू वाटत न्हाय. तुझ्याशीबी न्हाय.” ते कॉटवर जरा सरकले, तिला जागा केली. “तुला न्हाय जमणार, ते कळलं. काय जमंल ते सांग सावकाश. औंदा न्हाय कळलं तर म्होरल्या वर्षी सांग. मी विचारत जाईन.”