झांझिबारच्या तक्त्यातला रिकामा रकाना

झांझिबारला जायचं ठरलं त्याच दिवशी आमच्या फ्रिजच्या दारावर एक तक्ता लागला. तो मी लावला. आमच्या घरात तक्ते मीच लावते. नवरा ते वाचल्यासारखं करतो आणि मुलगी त्यांच्या कडेने मासे काढते. जर्मनीत, डार्मश्टाटला आल्यापासून लागलेली ही सवय आहे, आणि मला तिची अजिबात लाज वाटत नाही. सुट्टी आखून घेतली नाही की माणसं समुद्रकिनाऱ्यावर जाऊन एकमेकांवर चिडत बसतात, असं माझं ठाम मत होतं.

त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. सासऱ्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आदल्या दिवाळीला सांगलीच्या घरात आकाशकंदीलसुद्धा लागला नव्हता, तेव्हा निदान ही दिवाळी तरी त्यांनी आमच्यात करावी म्हणून सगळा खटाटोप. नवऱ्याने इथल्या आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, खेटे घालून त्यांच्या व्हिसासाठी हमीपत्र मिळवलं होतं. सासूबाई ऑगस्टच्या शेवटी आल्या आणि दिवाळी करून नोव्हेंबरात परत जाणार होत्या. मधे ऑक्टोबरात मुलीच्या शाळेला शरदाची सुट्टी. तेवढ्यात सगळ्यांनी मिळून आफ्रिकेचा समुद्र बघून येऊ, असं मीच सुचवलं.

तक्त्याला चार रकाने होते, प्रत्येकाचा एक. नियम साधा होता: प्रत्येकाने आपल्याला काय करायचंय ते सांगायचं आणि दुसऱ्याच्या इच्छेला नाकं मुरडायची नाहीत. मुलगी ओरडली, "श्नॉर्खेलन!" तोंडाला नळी लावून पाण्याखालचे मासे बघायचे आणि मग कासवं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये फेकते. नवऱ्याला लवंग-दालचिनीच्या बागा बघायच्या होत्या. मला शिडाच्या होडीतून सूर्यास्त हवा होता.

"आई, तुम्ही?"

"मला काय गं, तुमचं होऊ दे."

या 'तुमचं होऊ दे'ने माझं डोकं उठतं. जेवायला काय करू, तुमचं होऊ दे. फिरायला कुठे जाऊ या, तुमचं होऊ दे. मी पेन आपटला आणि म्हटलं, "अहो आई, एक तरी सांगा. तुमचा रकाना किती रिकामा दिसतोय!"

त्यांनी थोडा विचार केला आणि भलतंच विचारलं. "तिथून मुंबईला विमान असतं का?"

"असतं की," नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "मधे एकदा बदलावं लागतं."

"बदलताना कुणी मदत करतं का रे?"

"व्हीलचेअर सांगून ठेवली की अगदी दारापर्यंत नेतात."

"मग बरं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, येतानाच्या प्रवासाची धास्ती अजून गेलेली नाही. मग त्यांनीच मला लिहायला सांगितलं, "वाळूत पाय सोडून बसणे." मी लिहिलं, आणि एवढ्यावर तरी गाडी आली म्हणून खूश झाले.

पुढच्या आठवड्यात मी घरून काम करत होते. मीटिंग अगदी रंगात आलेली आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. धावत स्वयंपाकघरात गेले तर आई चकलीची भाजणी भाजत होत्या. खिडक्या बंद. डाळींचा खमंग धूर घरभर.

"अहो, दिवाळीला अजून केवढा वेळ आहे!" मी स्टुलावर चढून अलार्मचं तोंड दाबत ओरडले.

"आत्ताच करून ठेवलेली बरी," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी नातीला सोऱ्या कसा धरायचा ते शिकवलं. मला शेजारी उभं करून मोहन किती, पाणी किती, पीठ कितपत सैल, सगळं सांगितलं. मी हं हं केलं. माझ्या मनात दुसऱ्या दिवशीचं काम होतं. मग गोडा मसाला झाला, मेतकूट झालं, लिंबाचं लोणचं झालं, आणि बरण्या ठेवायला कपाटात जागा उरली नाही. आपली जाड लोकरी शाल तर त्यांनी नातीला देऊनच टाकली. "तिथे उकाडा. मला कशाला लागतेय?"

"आणि परत आल्यावर नोव्हेंबरात काय पांघराल?" मी म्हटलं. त्या नुसत्या हसल्या.

मग तो शनिवार आला. दुपारची जेवणं झाली होती. मी झांझिबारसाठी टांझानियाच्या व्हिसाचे अर्ज ऑनलाइन भरत बसले होते. आईंचा पासपोर्ट स्कॅन करायला उघडला आणि त्यातल्या जर्मन व्हिसावर नजर गेली. हा व्हिसा मी याआधी पाहिला होता. तारखा पाहिल्या, मुक्कामाची मुदत पाहिली, नावाचं स्पेलिंग पाहिलं. प्रवेशांच्या संख्येसमोरचा '१' हा आकडा मात्र कधी पाहिलाच नव्हता. औषधांच्या डब्यातली माहितीपत्रकं तपासणं ही माझी नोकरी. एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी मी अख्ख्या विभागाला फैलावर घेते. आणि घरच्या कागदावरचा तो एकचा आकडा मला दिसला नव्हता.

एक प्रवेश. म्हणजे आई जर्मनीत एकदाच शिरू शकत होत्या, आणि त्या शिरून बसल्या होत्या. झांझिबारला गेल्या की परत इथे येणं बंद.

नवऱ्याला हाक मारली. त्याने पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला, जणू पलीकडे दुसरा आकडा निघणार होता. मग आमचं जुंपलं. अर्ज कुणी भरला, कुणी तपासला, कुणी कुणाला काय सांगितलं होतं. शेवटी त्याने वकिलातीचं संकेतस्थळ शोधलं, व्हिसाची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. उत्तर एकच आलं: नवीन व्हिसासाठी भारतातूनच अर्ज करावा लागेल. दिवाळीआधी ते शक्य नव्हतं.

झांझिबार रद्द करायचं ठरवायला आम्हाला फार वेळ लागला नाही. मुलीला सांगितलं तशी ती "दास इस्ट उनफेअर!" म्हणून दार आपटून खोलीत गेली. अन्याय तर होताच, तिला काय समजावणार? पण आईंना सांगायचं काम त्याहून जड वाटत होतं. किती हौसेने वाळूत पाय सोडून बसणार होत्या!

त्या आपल्या खोलीत खिडकीशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. आकडा, आमची चूक, रद्द झालेली सहल. सांगता सांगता मला रडू फुटलं.

"अगं, रडतेस काय?" त्या म्हणाल्या. "मला माहितीये ते."

"काय माहितीये?"

"एकदाच आत जाता येतं ते. पुण्याच्या एजंटाने पासपोर्ट हातात देतानाच सांगितलं होतं. आजी, एकदा बाहेर पडलात की परत आत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्हाला माहीत असणारच की. कागद तुम्हीच केलेत." कोथिंबिरीची जुडी त्यांनी मांडीवर ठेवली. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी तसंच ठरवलंय. सगळ्यांनी मिळून तिथे जायचं, चार दिवस मजा करायची, आणि मला तिथूनच विमानात बसवून द्यायचं."

मुंबईचं विमान. व्हीलचेअर. भाजणी, मसाला, शाल. एवढे दिवस आम्ही हौसेने त्यांची सहल आखत होतो आणि त्या गुपचूप स्वतःच्या पाठवणीची आवराआवर करत होत्या.

"कपाट उघड," त्या म्हणाल्या. उघडलं. बॅग भरून, वर दोरी बांधून तयार होती. हँगरला तेवढ्या नेसायच्या तीन साड्या.

नवरा दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "आई, आम्ही तुला असं वाऱ्यावर सोडू?"

"वाऱ्यावर कसलं रे, विमानात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. "मला काही वाईट नाही वाटलं. मुलाकडे राहायला मिळालं, नातीचा सहवास मिळाला, वर समुद्रही. चांगलंच ठरवलंत म्हटलं."

आणि मी चिडले. खरंच चिडले, डोळ्यांतलं पाणी न पुसता. "पण तुम्हाला असं वाटलंच कसं? मी दिवाळीचं किती वेळा बोलले!"

"बोलली होतीस गं. आधी." त्या जराशा अवघडल्या. "मग तो तक्ता लागला. त्यात खाली परत आल्यावरचं लिहिलंयस ना."

मी उठून फ्रिजपाशी गेले. माझंच अक्षर होतं. कासवं, लवंगा, होडी, वाळू, आणि सगळ्यात खाली 'परत आल्यावर'. मुलीच्या रकान्यात शाळा. नवऱ्याच्या रकान्यात ऑफिस. माझ्या रकान्यात ऑफिस. त्या ओळीत आईंच्या रकान्यात काहीच नव्हतं. त्यांना शाळा नव्हती, ऑफिस नव्हतं, म्हणून मी काही लिहिलं नव्हतं. त्या रोज दूध काढायला फ्रिज उघडत होत्या आणि रोज ती रिकामी जागा वाचत होत्या.

मी पेन घेतला आणि तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं, दिवाळी.

आई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून ते वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. मुलीच्या बंद दाराकडे पाहिलं. आणि अगदी हळू आवाजात, परवानगी मागावी तसं मला विचारलं,

"मग ती शाल परत मागून घेऊ का गं तिच्याकडून? थंडी पडेल ना आता."