लग्नाच्या पुऱ्या आणि महिन्याचा पगार

लग्नात दोन गोष्टी हमखास उरतात, वांग्याची भाजी आणि किस्से. भाजी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आंबते. किस्से मात्र आमच्या घरी साचत जातात. कारण लग्नाच्या स्वयंपाकाला जाणाऱ्या बायांना सोडणारी पिकअप गाडी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी थांबते, आणि उतरल्यावर सगळ्यांचा चहा आमच्याकडे होतो.

या बाया तिघी. एक माझी आई. दुसरी लीला मावशी, तिघींत मोठी. तिला कोणीही काही बोललं तर उत्तर आधीच तयार असतं. तिसरी दुर्गा भाभी. ती लग्न होऊन जबलपूरकडून इकडे बालाघाटला आली. तिला मराठी सगळी समजते, पण ती बोलते हिंदीतच. या तिघी पुऱ्या लाटतात, भाज्या चिरतात, कणीक मळतात. त्यांच्यावर मुख्य आचारी, त्यांना सगळे ‘महाराज’ म्हणतात. मी चहा करते आणि ऐकते.

लगीनसराई संपली की हे काम संपतं. मग पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जायचं, दिवसभर चिखलात वाकून. घरात आम्ही दोघीच. मागच्या पावसाळ्यात आईची कंबर अशी धरली की तिला भिंतीला टेकून उठावं लागायचं. त्यानंतर एकदा चहा पिताना ती म्हणाली, “मले आता महिन्याचा पगार पायजे. लग्न असो का पाऊस असो.”

बाकीच्या दोघी हसल्या. आई हसली नाही. तेव्हापासूनचे हे किस्से.

*

पुऱ्या लाटताना या तिघींच्या गप्पा थांबत नाहीत. त्यांची एक पद्धत आहे. जी गोष्ट सांगते तिने फक्त लाटायचं. गोळे बाकीच्यांनी करून द्यायचे. त्यामुळे सगळ्याच गोष्टी लांबतात.

एका लग्नात महाराज वैतागले. म्हणाले, आज एक शब्द ऐकू यायला नको. “हाथ चलाओ, मुँह नहीं.”

तिघींनी तोंडं मिटली. लीला मावशी तेव्हा तिच्या विहीणबाईची गोष्ट अर्ध्यावर आणून बसली होती. ती तशीच राहिली.

थोड्या वेळाने कढईवरचा माणूस ओरडायला लागला. तेल तापून धूर निघत होता आणि पुऱ्या येतच नव्हत्या. महाराज धावत आले. पाहतात तर तिघी डुलक्या काढत असल्यासारख्या एकेक पुरी लाटत होत्या.

लीला मावशी म्हणाली, “तोंड बंद केलं का हात झोपतेत, महाराज.”

 महाराज तिच्याजवळ पाटावर बसले आणि म्हणाले, “अच्छा, तो फिर समधन ने क्या कहा?”

*

लालबर्ऱ्याच्या लग्नात आईने पहिल्यांदा मजुरीचा विषय काढला. भट्टीवर काम करणाऱ्या पुरुषांना जास्त मजुरी मिळते, बायांना कमी. आईने महाराजांना विचारलं, असं काहून?

महाराज म्हणाले, भट्टीचं काम आगीचं आहे. आगीला जास्त पैसे असतात.

आईने काही वाद घातला नाही. तिने लाटणं खाली ठेवलं. तिचं पाहून दुर्गा भाभीने ठेवलं, मग लीला मावशीने. पंगत बसायची वेळ झाली होती. कढईवरचा माणूस झारा हातात धरून बसून राहिला. तेल उकळत होतं, टाकायला काही नव्हतं.

महाराजांनी हात जोडले. पाहुणे बसले आहेत, काय वाढू, म्हणाले.

आई म्हणाली, “आग हाय नं तुमच्याजवळ. आगच वाढा.”

मजुरी वाढली. पुरुषांइतकी नाही, पण वाढली. आईने हे घरी येऊन अगदी साधेपणाने सांगितलं. लीला मावशी मात्र ते वाक्य अजूनही दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगते, आणि आता हळूहळू ते तिचंच झालं आहे.

*

आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका गावात लग्न होतं. कणीक मळून झाली होती, तेवढ्यात घरातली एक म्हातारी बाई मागच्या अंगणात आली. तिने तिघींकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमी कोन समाजाच्या होय?”

 महाराजांनी मान खाली घातली. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि आम्ही आल्यागेल्याला जय भीम म्हणतो, हे महाराजांना ठाऊक आहे. आतापर्यंत कुठल्याही लग्नात त्यांनी तो विषय काढला नव्हता, आणि कोणी काढला तर काय बोलायचं हेही त्यांनी कधी ठरवलं नव्हतं.

आई काही बोलणार होती. लीला मावशीने तिला थांबवलं.

“आजी,” ती म्हणाली, “आमी नाव, गाव, समाज सगळं सांगतो. पन वरात दारात आली हाय. तुमी आधी जाऊन पावण्यायले विचारून या, ते थांबतेत काय.”

म्हातारी आत गेली. तिघी लाटणं हातात धरून बसून राहिल्या. कोणीच लाटत नव्हतं. आई म्हणते, त्या वेळी तिने मनातल्या मनात घरी जायची बससुद्धा ठरवली होती.

म्हातारी परत आली. दारातच थांबली.

“जरा पातळ लाटा व बायांनो,” ती म्हणाली. “नवरदेवाच्या बापाले दात नाहीत.”

*

एका खासगी शाळेच्या वसतिगृहाला स्वयंपाकीण हवी होती. पगार महिन्याचा. आई गेली तर तिथल्या बाबूने अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं. इतकी वर्षं लग्नांत राबूनही असं प्रमाणपत्र आईला कोणी दिलं नव्हतं.

उपाय लीला मावशीने काढला. लग्नाच्या पत्रिका! ज्या ज्या लग्नात काम केलं, त्याची पत्रिका महाराजांकडे असतेच. आई कापडी पिशवी भरून पत्रिका घेऊन गेली आणि बाबूच्या टेबलावर ठेवली. गणपती, कलश, हत्ती, सोनेरी अक्षरं. बाबू आधी हसला. मग एकेक उघडून पाहायला लागला. एका पत्रिकेवर त्याचा हात थांबला.

“ये तो मेरी बहन की शादी है,” तो म्हणाला. मग त्याने मान वर केली. “इसमें तो पूड़ी ठंडी थी.”

आईला वाटलं, झालं. पण खोटं बोलणं तिला जमत नाही, आणि खोटा आरोप ऐकून घेणं त्याहून जमत नाही.

“पुरी गरमच होती, साहेब. वरातच उशिरा आली.”

बाबूने पत्रिका हळूच बंद केली. म्हणाला, “हाँ. जीजाजी नाच रहे थे.”

ते काम आईला मिळालं नाही. दुसऱ्या कोणाला आधीच दिलं होतं. पण बाबूने पिशवी स्वतः उचलून फाटकापर्यंत आणून दिली.

*

आमच्यात पगारी नोकरी पहिल्यांदा दुर्गा भाभीने केली. नागपूरला, एका फ्लॅटमध्ये. माणसं दोन, काम स्वयंपाकाचं, पगार भरपूर, राहायला खोली. तिला निरोप द्यायला आम्ही बसस्टँडवर गेलो होतो. बस सुटल्यावरही आई तिकडेच पाहत होती. मला वाटतं, तिला हेवा वाटत होता.

दुसऱ्याच आठवड्यात दुर्गा भाभी परत आली. कोणी काही बोललं का, पगार दिला नाही का, आम्ही सगळं विचारलं. तसं काहीच नव्हतं.

“भाजी में नमक कम हो, तो मैडम बोलती नहीं थी,” ती म्हणाली. “बाजू के कमरे से मेसेज करती थी.”

लीला मावशीने विचारलं, मग तू काय केलं?

“मैं भी मेसेज करती थी. ‘डाल दिया.’ आठ दिन में मेरी आवाज बैठ गई.”

*

मलाजखंडची खबर महाराजांनीच आणली. तिथल्या तांब्याच्या खाणीत गाड्या चालवणाऱ्या एका ठेकेदाराच्या गेस्ट हाऊसला बाई हवी होती. महिन्याचा पगार, बाराही महिने, वर राहायला खोली. पण आधी एकदा स्वयंपाक करून दाखवायचा. माझी दहावी झाली होती, अकरावी तिथेही झाली असती. आम्ही निघालो. लीला मावशी सोबतीला आली. घाटात बस वळणं घेत होती आणि आई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत डाळीला काय लागतं ते म्हणत होती.

मॅनेजरने स्वयंपाकघर दाखवलं. मोठी गॅसची शेगडी, मोठाली पातेली, कोपऱ्यात बटाट्याचं पोतं. “चार साहब खाएँगे,” तो म्हणाला. “पूड़ी, आलू, दाल, चावल.” कोठीची किल्ली दिली आणि निघून गेला.

घरी आमच्या छोट्या पातेल्यात आई दोघींपुरतंच करते, घासभरही उरत नाही. पण मोठी शेगडी पाहिली की तिचा हात लग्नाचा होतो. आणि लग्नाच्या कामात एक नियम आहे. यजमान पाहुण्यांचा आकडा नेहमी कमी सांगतो, म्हणजे ठेका स्वस्तात पडतो. मग पंगतीला अन्न पुरलं नाही की शिव्या आचाऱ्याला. म्हणून तो सांगेल त्यावर निम्मे आणखी धरायचे. महाराजांनी हे पहिल्याच हंगामात शिकवलेलं.

“चार मानसायसाठी कोनी पगारी बाई ठेवते काय?” आई म्हणाली. “पारखून राह्यले आपल्याले.”

लीला मावशी बटाटे सोलायला बसली. चार साहेब म्हणजे चार गाड्या, ती म्हणाली. चार गाड्या म्हणजे चार ड्रायव्हर. मग चौकीदार. चौकीदाराचा जोडीदार. माळी असेलच. शिवाय ‘मी तर जेवून आलो’ म्हणणारे. ती एकेक माणूस वाढवत गेली आणि एकेक बटाटा पातेल्यात पडत गेला. माझ्या मनात आलं की थांबवावं. पण मी काही बोलले नाही, कारण मलाही ते खरंच वाटत होतं.

मॅनेजर परत आला तेव्हा टेबलावर पुऱ्यांची रास होती. तो पाहतच राहिला.

“मैंने चार बोला था.”

“हौ, साहेब,” आई म्हणाली. “बाकीच्यायचं तुमी सांगतलं नव्हतं.”

साहेब चारच होते. ते आत जेवले आणि राशीला काहीच फरक पडला नाही. मग लीला मावशीने मागचं दार उघडलं. वासाने ड्रायव्हर आलेच होते. चौकीदार आला, त्याचा जोडीदार आला. पलीकडच्या वर्कशॉपमधली माणसं हात पुसत आली. मॅनेजर बाजूला उभा राहून प्रत्येक ताटाकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, “फोन करेंगे.”

परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. बैहर गाव मागे पडल्यावर मला म्हणाली, “गेलं हे काम, पोरी.” आणि पदराने तोंड पुसलं.

बरेच दिवस फोन आला नाही. पहिला पाऊस पडून गेला. रोवणीला कोण कोण येणार हे विचारायला शेतावरचा माणूस आला, आणि आईने तिचं नाव सांगितलं. कमरेला बांधायचा पट्टा तिने ट्रंकेतून काढून खुंटीला टांगला.

त्या दुपारी तिघी आमच्याकडेच होत्या. आईचा फोन वाजला. मॅनेजर होता. आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. गेस्ट हाऊसचं काम देता येणार नाही, तो म्हणाला, तिथे मोजकं करणारी, हलक्या हाताची बाई पाहिजे. आईने नुसतं “हौ” म्हटलं. मग तो म्हणाला की वर्कशॉपची माणसं मात्र रोज विचारून त्याचं डोकं खातात. शिफ्टच्या मेसचं काम आहे. पगार तोच, बाराही महिने. खोलीही मिळेल.

दुर्गा भाभीने माझा हात धरला.

आईने फोन तोंडाजवळ धरला. आता ती पटकन हो म्हणेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, “साहेब, मी एकटी नाही येत. तिघी येतो. तिघींचा पगार.”

 लीला मावशीने बशीतला चहा ओठांपाशी नेला होता, तो तसाच राहिला.

“ठीक है,” मॅनेजर म्हणाला. “तीनों आ जाओ, सोमवार से. लेकिन सुन लो. खाना साठ आदमी का बनेगा.”

आईने फोनवर हात ठेवला आणि लीला मावशीकडे वळली. “साठ म्हनून राह्यला.”

लीला मावशीने चहाचा घोट घेतला. बशी खाली ठेवली.

“म्हंजे नव्वद.”