डाव्या चाकाचा आवाज

जे सांगणार आहे ते ऐकण्याचा पहिला हक्क माझ्या बायकोचा. तिलाच आजवर सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, शाळेत ज्याच्यासोबत रोज डबा खातो त्या सोबत्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. म्हणजे हाही भित्रेपणाच – नाही का? असू द्या. एवढी वर्षं जवळ बाळगून आता थकलोय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शाळा बदनापूरकडच्या एका खेड्यात, घर जालन्यात. वीस-बावीस वर्षं मोटारसायकलवर गेलो-आलो. मंग कंबर बोलायला लागली. सुनंदा – माझी बायको – घरीच ब्लाउज शिवायची, अजूनही शिवते. तिनंच हट्ट धरला की आता चारचाकी घ्यायची, आणि जुनी न्हाई, नवीकोरी घ्यायची. घेतली. पांढरी, लहानशी.

आणि गाडीच्या आवाजांनी मला पछाडलं.

नव्या गाडीत इंजिनाशिवाय कशाचाच आवाज येऊ नये, अशी माझी समजूत. पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्डमधून कुरकुर सुरू झाली. खराब रस्त्यावर यायची, चांगल्या रस्त्यावर थांबायची. मंग मागच्या दारात कटकट. मंग काच अर्धी उतरवली की थरथर. मी एक वही केली – कोणता आवाज, किती वेगाला, कोणत्या बाजूनं. दर पंधरा दिवसाला सर्व्हिस सेंटर. तिथले लोक मला लांबून पाहूनच एकमेकांकडं बघायचे. नवीन गाडी आहे सर, बसायला वेळ लागतो, असं समजावायचे. एकदा त्यांनी पॅनलच्या फटीत फोमची पट्टी बसवली, कुरकुर गेली. मी चार दिवस सुखी होतो. पाचव्या दिवशी दुसरीकडून सुरू झाली.

मागच्या दारातली कटकट तर त्यांना तीनदा सापडली नाही. ती सुनंदानं शोधली. मागं जाऊन बसली, मला गाडी चालवायला लावली आणि पाचच मिनिटांत हसायला लागली. रिकाम्या सीटचा पट्टा लोंबत होता, त्याची कडी दाराच्या प्लास्टिकवर आपटत होती. एवढंच. ती हसली. मला हसू आलं नाही. का आलं नाही? हे नीट सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडी घेण्याआधी आम्ही दोघं एकाच ड्रायव्हिंग क्लासला गेल्तो. शिकवणारे काका साधे, मनात येईल ते बोलून टाकणारे. आठव्या दिवशी दहा जणांसमोर म्हणाले, "ताईंचा हात मोकळा आहे. सर, तुम्ही स्टेअरिंग असं धरता, जसं कोणी हिसकावून न्यायलंय." सगळे हसले, मीही हसलो. पण ते माझ्या आत कुठंतरी रुतलं. शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला पायानं वेग सांभाळायची सवय असते – हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मला एवढंच दिसलं की ती उतारावर गाडी थांबवून परत उचलते, आणि माझी बंद पडते. मी शिकवणारा माणूस. घरात जे काही नवं यायचं, ते पहिल्यांदा मलाच यायचं, असा इतक्या वर्षांचा रिवाज.

तरी गाडी मीच चालवायचो. ती शेजारी बसायची. दार हळू लाव, एवढं तिला रोज सांगायचो.

त्या रविवारी दुपारी मी एकटाच जुन्या जालन्यात गेल्तो, तिच्यासाठी अस्तराचं कापड आणायला. तिथल्या गल्ल्या तुम्हाला माहीत असतील तर सांगायची गरज नाही – कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, आणि त्यातूनच दोन्हीकडून रिक्षा. समोरून एक रिक्षा आली. मी घाबरलो आणि गाडी डावीकडं घेतली, गरजेपेक्षा जास्त. नालीवरची फरशी फुटलेली होती. पुढचं डावं चाक आत गेलं आणि गाडीचं पोट कडेवर आदळलं. तो आवाज – त्याची नोंद मी वहीत केली नाही.

चार-पाच जण धावून आले. उचलून काढली. कापड दुकानदार म्हातारबा होते, त्यांनी मला पाणी दिलं, कुछ नहीं हुआ म्हणाले. मी वाकून पाहिलं. वरून ओरखडासुद्धा नव्हता. घरी आलो, बादली घेतली आणि चाकाला लागलेला नालीचा गाळ आधी धुतला. सुनंदानं विचारलं की आज भरदुपारी धुवून राह्यलात? म्हणालो, धूळ होती.

इथं काही फार मोठं पाप झालं होतं का? न्हाई. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्हाला तर लागलं नाही ना. मला माहीत होतं ती हेच म्हणणार. तरी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सुनंदाला बदनापूरच्या एका गिऱ्हाइकाला लग्नाचे ब्लाउज नेऊन द्यायचे होते. म्हणाली, आज मी एकटीच गाडी घेऊन जाऊ का? मला नाही म्हणायला कारण सापडेना. ती गेली. दोन तासांनी परत आली तेव्हा तिचा चेहरा – लग्नाला इतकी वर्षं झाली, असा चेहरा मी मोजक्या वेळा पाहिलाय. ट्रकच्या मागं कशी शांत राहिली, गाडी एका झटक्यात कशी लावली, सगळं सांगत होती. एका स्पीडब्रेकरवर जरा जोरात गेली, तेही तिनं आपणहून सांगितलं. लपवायचं तिला सुचतच नाही.

संध्याकाळी तिला घेऊन भाजीला निघालो. पहिल्याच वळणावर पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. खट्. पुढच्या वळणावर परत. प्लास्टिकचा नव्हता तो, लोखंडाचा होता. तिनंही ऐकला. मंग हळूच म्हणाली, "माझ्याकडून काही झालं का हो?"

हीच ती वेळ. रस्ता मोकळा होता, गाडीत दोघंच होतो. चार शब्द पुरले असते.

मी म्हणालो, "काय केलंस, ते तुलाच माहीत."

सर्व्हिस सेंटरला ती सोबत आली. तिला बाहेर बसवून मी आत गेलो. तिथल्या जुन्या मिस्त्रीनं गाडी वर चढवली आणि बॅटरी मारून दाखवलं – चाकाला धरून ठेवणारा खालचा लोखंडी आर्म वाकला होता. मी विचारलं, स्पीडब्रेकरनं होतं का असं? त्यानं माझ्याकडं पाहिलं. ब्रेकरनं असं होत नाही साहेब, म्हणाला, ही गाडी कुठंतरी खड्ड्यात उतरलीय, कडेला चिखल अजून आहे. मी मान हलवली आणि बाहेर आलो. सुनंदा मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती, निकालाची वाट पाहावी तशी. मी तिला सांगितलं, खालून मार बसलाय, आर्म वाकलाय.

बघा, यातला एकही शब्द खोटा नाही. यावर मी कितीतरी दिवस निभावून नेलं.

घरी जाताना ती म्हणाली, आता मी न्हाई चालवणार. मी समजूत घातली नाही. आणि खरं सांगायचं – एवढं सांगितलंय तर हेही सांगतो – मला बरं वाटलं. शरम वाटली म्हणून गप्प बसलो, असं म्हणता आलं असतं तर सोपं होतं. तसं नव्हतं. मला हलकं वाटलं. स्टेअरिंग परत माझं एकट्याचं झालं होतं.

आर्म बदलला, आवाज गेला. मीही विसरलो असतो कदाचित.

आठ-नऊ महिन्यांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, सुनंदाच्या भावाचा फोन आला. माहेर तिचं कुंभार पिंपळगाव. आई घरात पडली, बोलणं जड झालंय, तुझं नाव घेऊन राह्यली, जल्दी ये. मी त्या दिवशी परतूरला प्रशिक्षणात, फोन बंद. तिनं मला सात वेळा लावला. गाडी दारात उभी होती. मी सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर गेल्तो.

ती बसनं गेली. जालन्याहून अंबड, अंबडला तासभर उभी, मंग घनसावंगी, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं. पोचली तेव्हा आईची वाचा गेली होती. डोळे उघडे होते, पण ओळख दिसत नव्हती. तिसऱ्या दिवशी आई गेली. मी पोचलो तेव्हा मेव्हणा मला बाजूला घेऊन म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हतं, साधंच म्हणाला – "तीन वाजेपर्यंत आई बोलत होती, दाजी. ताईचीच वाट पाहून राह्यलती."

सुनंदा चारला पोचली होती.

दहाव्याच्या दिवशी ओट्यावर बसलो होतो. तिनं आपणहून मला सांगितलं, जणू मीच विचारलं होतं. म्हणाली, "गाडी काढून गल्लीच्या तोंडापर्यंत नेल्ती मी. मंग वाटलं, पुन्हा काही झालं तर. आई तिकडं, आणि मी रस्त्यात अडकले तर. म्हणून परत लावली."

ती माझ्याकडं बघत होती. तिला विचारायचं होतं की बराबर केलं ना. मी काय म्हणालो असेन?

म्हणालो, "बरं केलंस."

गाडी नालीत घातली ती घाबरून. पहिलं खोटं बोललो ते मत्सरानं, समजा. पण हे दोन शब्द? हे मी शांतपणे, पूर्ण शुद्धीत, तिच्या हातावर हात ठेवून म्हणालो. तिला धीर आला. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या भावजयीनं ते पाहिलं आणि नंतर चार बायकांत म्हणाली म्हणे की ताईंना नवरा समजूतदार मिळाला.

त्याला आता चार वर्षं झाली. सांगायची वेळ आलीच नाही असं नाही, रोज येते. सकाळी चहा पिताना येते, निघून जाते. ती गाडीत माझ्या शेजारी बसते, दार हळू लावते.

यंदा दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. नोकरीला लागून दोन वर्षं झालीत, स्वतःची गाडी घेतलीय, ती घेऊन एकटी आली. दुसऱ्या दिवशी आजोळी जायचं ठरलं. अंगणात तिनं आपल्या गाडीची किल्ली आईच्या हातात ठेवली. म्हणाली, अंबडच्या पुढं रस्ता मोकळा असतो, तिथून तू चालव, मी शेजारी आहे. क्लासमध्ये बाबांपेक्षा तूच चांगली चालवायचीस, तूच सांगितलंय मला.

सुनंदानं किल्लीकडं पाहिलं. मुलीला म्हणाली, नको गं, माझ्याकडून एकदा मोडलीय, माझा हात बरा न्हाई. हसतच म्हणाली.

मी दोन पावलांवर उभा होतो. मुलगी माझ्याकडं बघत होती, मी काही बोलेन म्हणून.

सुनंदानं किल्ली माझ्यापुढं धरली. मी घेतली.