क्रूस मध्येच असतो

क्रूस मध्येच असतो, हे मी इतक्या वर्षांत कधी तपासून पाहिलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला चर्च आहे. तिथल्या वेदीवरचं कापड, फादरांचे सणाचे झगे, सगळं भरतकाम माझ्याकडे येतं. आम्ही बंगळुरातले जुने मराठी शिंपी, घरात तुळस, पण क्रूस जितके माझ्या हातून झाले तितकी स्वस्तिकंही झाली नसतील.

शिकवलं कोणी नाही मला. एका शाळेच्या जुन्या कोटावरचा बिल्ला उसवून शिकले. ढाल, ढालीवर क्रूस, नि त्याने पाडलेल्या चार घरांत पुस्तक, दिवा, कमळ, हत्ती. एकेक टाका सोडवत गेलं की कळतं, आधी काय भरलं नि मागून काय. आधी क्रूस. मग बाकीची मंडळी आपापल्या घरात येऊन बसतात. तेव्हापासून माझी पद्धत ठरली: कापडाची चौघडी घालायची, नखाने दाबायची. उघडलं की घडीचा क्रूस उमटलेला असतो, त्यावर पट्टी ठेवून शिवायचं. फादर म्हणतात, "अक्का, तुम्हाला टेप कशाला लागतो?" ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी मारतहळ्ळीहून एक मुलगी आली. पुण्याची, आयटीतली, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झालेली. तिच्या ऑफिसात डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडचे पाहुणे यायचे होते. टेबलावर ठेवायला त्यांचे छोटे झेंडे हवे होते. पाहुण्यांचं सगळं पहिल्यांदाच तिच्याकडे सोपवलेलं, आणि साहेबांना ती सांगून बसलेली की ऑनलाइन नको, मी हाताने शिवून आणते. तिने फोनवर चित्रं पाठवली. मी चष्मा न लावता पाहिली आणि कागदावर रंग तेवढे लिहून घेतले. लालवर पांढरा क्रूस, निळ्यावर पिवळा, पांढऱ्यावर निळा. म्हटलं, हे तर आपलंच काम.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी ती न्यायला आली. झेंडे हातात घेतले आणि एकेक उलटसुलट करून पाहिला.

"काकू, हा क्रूस मध्ये आहे."

"मग कुठे असणार?"

"काठीकडे सरकलेला असतो त्यांचा. तिघांचाही."

तिने फोन पुढे केला. मी म्हटलं, "वाऱ्यावर उडताना फोटो काढलाय, म्हणून तसा दिसतो." तिने दुसरा दाखवला, भिंतीवर सपाट लावलेला. आता चष्मा लावणं भाग होतं. सरकलेलाच होता.

"उद्या सकाळी नऊला येतायत ते," ती म्हणाली. "आमचा झेंडासुद्धा यांना धड करता येत नाही, असंच म्हणतील. आणि साहेब म्हणतील, तुला सांगितलं होतं ऑनलाइन मागव."

तसलं कापड उरलं नव्हतं, आणि चिक्कपेटेच्या कापडबाजारातून आणून नव्याने शिवायला वेळ नव्हता. मी तिला म्हटलं, "स्वल्प थांब. चहा घे." आणि चित्र नीट पाहिलं. काठीकडची दोन्ही घरं आखूड होती, लांबी-रुंदी जवळजवळ सारखी. पलीकडची लांब. म्हणजे क्रूस हलवायची गरजच नव्हती. माझ्या झेंड्यांत काठीकडचं कापड जास्त होतं, एवढंच.

काठी घालायचा नेफा मी उसवला आणि कात्री उचलली.

"काकू, चुकलं तर?"

"चुकलं तर तू ऑनलाइन मागव."

ती हसली नाही. पहिल्या झेंड्याच्या काठीकडचं दोन इंच कापड कापलं तेव्हा तिने तोंड फिरवलं होतं. मी नवा नेफा घालून काठी ओवली, उभा धरला नि म्हटलं, "आता बघ." तिने फोन शेजारी धरला. कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. मग खुर्ची ओढून बसली आणि गार झालेला चहा प्यायली. उरलेले दोन मी तिच्याकडूनच मापून घेतले.

"पण असा एका बाजूला का ठेवत असतील?" तिने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. पण पंख्याखाली झेंडा धरला तर काठीजवळचं कापड स्थिर राहतं, फडफड सगळी लांबच्या टोकाला. मी म्हटलं, "साडीचा पदर मोठा ठेवतो ना आपण, उडायचा असतो म्हणून. तसंच असेल." माझी अक्कल तेवढीच, पण तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. आवाज जरा उतरलेला. "काकू, झेंड्यांबद्दल कोणी काहीच बोललं नाही हो. सगळ्यांनी पाहिले, बसले, मीटिंग सुरू झाली."

"मग बरोबर झाले," मी म्हटलं. "आपला तिरंगा कोणी उलटा लावला तर तू गप्प बसशील का?"

मग ती जी हसली, ती आदल्या दुपारपासूनचं साठलेलं सगळं हसली.