काळा दगड आणि आमची बोडी

प्रा. रहांगडाले सरांची आणि माझी ओळख एका काळ्या दगडाने करून दिली. गोंदियाच्या कॉलेजात भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हे समुद्राचं मढं आहे." त्यांचा चेहरा पाहून वर्गात कुणी हसलं नाही.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळाविषयी सर घरातल्या मृत्यूविषयी बोलावं तसे बोलत. जमिनीवर पहिल्यांदा मोठी झाडं आली, मुळांनी खडक फोडून माती केली आणि तिच्यातलं खत समुद्रात उतरलं. समुद्र कधी चढला, कधी ओसरला. उथळ पाणी हिरवं झालं, शेवाळ कुजलं, पाण्यातली हवा संपली. प्रवाळ गेले, माशांच्या कितीतरी जाती कायमच्या गेल्या. "असं मानतात," हे शब्द सर कधी विसरत नसत. तो दगड म्हणजे त्या कुजलेल्या तळाचा चिखल.

ऐकता ऐकता मला आमचं हिरवं पाणी दिसू लागलं. गोंदियाजवळच्या नागरा गावापलीकडे आमच्या शेताला लागून बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. मासे लवकर वाढावेत म्हणून मी बाबांना न विचारता तिच्यात शेण आणि युरिया ओतला होता. पाणी हिरवंगार झालं म्हणून गावात मिरवलोही होतो. आमच्या घरात वर्षभर शिजणारा मासा त्याच बोडीतला.

तासानंतर सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "आभाळ कवापासून भरून आहे?" त्यांनी विचारलं. दोन दिवसांपासून, मी म्हणालो. वाराही नव्हता. सरांचा चेहरा उतरला. "ऊन नसलं का शेवाळ हवा देत नाही, पाण्यातलीच खाते. उद्या उजाडताच येतो. बांबू काढून ठेव."

सर स्कूटरवरून आले तेव्हा बोडीभर मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. बाबा खुशीत जाळं घेऊन निघाले होते. "सर, आज मासा सोताहून वर येऊन राहिला."

"येऊन नाही राहिला भाऊ, मरून राहिला," सर म्हणाले आणि पँट दुमडून सर्वांआधी पाण्यात उतरले. ऊन चढेपर्यंत आम्ही बांबूंनी पाणी झोडपलं, विहिरीवरची मोटर लावून वरून पाणी सोडलं. निम्मे मासे गेले, निम्मे वाचले. चिखलात बसून मी विचारलं, "सर, तुमाले भेव नाही वाटत?"

"वाटते ना बाबू. म्हणून तं आलो."

तेव्हापासून आभाळ दोन दिवस भरून राहिलं की पहाटे सरांचा फोन येतो, "पाणी पाह्यलं का?" आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. जिना चढताना त्यांनाच धाप लागते. मागच्या महिन्यात आभाळ भरलं आणि फोन आला नाही. मी लावला तर बंद. उजाडताच, चपला कोणाच्या घातल्या हेही न बघता, सरांच्या दारात पोचलो. सर ओट्यावर चहा घेत होते. फोन चार्ज करायचा राहिला होता. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाणी पाह्यलं का?" मला रडू आवरेना.

सर, भ्यायचं कसं ते तुम्ही आम्हांला शिकवलंत. आता भीती फक्त तो एक फोन न येण्याची वाटते. तुम्हांला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि आभाळ भरलेल्या प्रत्येक पहाटे आमचा फोन वाजत राहो.