होडीला लावलेला फाळका

तळेगाव स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझं वर्कशॉप आहे. छोट्या टेम्पोंच्या बॉड्या बांधायच्या, ट्रॉल्यांना फाळके लावायचे, दुकानांची शटरं दुरुस्त करायची, असली कामं मी तीस वर्षं करतोय. फाळका म्हणजे टेम्पोच्या मागची ती झडप. कडी काढली की खाली पडते, आणि माल चढवायला वाट मोकळी होते. माझ्या फाळक्याचा खडखडाट होत नाही. चाकणपर्यंतचे टेम्पोवाले हे सांगतील, आणि त्यांनी नाही सांगितलं तर मी स्वतः सांगतो. बायकोच्या मते माझं अर्धं आयुष्य पत्रा कापण्यात गेलं आणि अर्धं त्याबद्दल बोलण्यात.

अशा माणसाकडे तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आबा आले. टाकवे बुद्रुकच्या पुढे, आंद्रा धरणाच्या कडेला त्यांचं घर आहे. त्यांची बरीचशी जमीन धरणात गेली, तेव्हा त्यांनी नांगर ठेवला आणि त्याच पाण्यात जाळं टाकायला सुरुवात केली. "वावर त्येच हाय, पीक बदाललं," असं ते हसत सांगतात. त्यांच्या जुन्या ट्रॉलीचा फाळका मी कधीकाळी लावून दिला होता, तेव्हापासूनची आमची ओळख. त्या दिवशी मात्र ते ट्रॉलीवर होडी घालून आले होते. लोणावळ्यात पर्यटकांना फिरवून फिरवून जुनी झालेली फायबरची होडी. बाजूला बदकाचं चित्रही अजून शाबूत होतं. सोबत मावशी होत्या, म्हणजे आबांची बायको. होडी वल्हवायचं काम मावशींचं आणि जाळं ओढायचं आबांचं, अशी त्यांच्यात वाटणी आहे.

"मिस्त्री, हिची पाठ लय उंच हाय," आबा होडीच्या मागच्या फळीवर थाप मारत म्हणाले. "जाळं वडताना वाकावं लागतंय, आन वाकलो की गुडघा बोंबलतोय. टेंपोला फाळका असतोय न्हवं, तसा लाव. कडी काडली, फाळका पाडला, की जाळं सरळ आत."

मी खरं म्हणजे तिथंच हात जोडायला हवे होते. होडीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मला पोहताही येत नाही. पण फाळका हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात आलं. टेम्पोला लावला, ट्रॉलीला लावला, आता होडीला! सगळ्या मावळात असं काम कोणी केलं नव्हतं. का केलं नव्हतं, हा प्रश्न मला पडला नाही.

तो मावशींना पडला. "आन पानी?" त्या म्हणाल्या.

"पानी भाईर ऱ्हातंय," आबा म्हणाले.

"रबर लावतो ना मावशी. थेंब येणार नाही आत," मी म्हणालो.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "फाळका खाली पाडल्याव बी रबर लागतंय व्हय?"

आम्ही दोघे पुरुष मोठ्यानं हसलो आणि चहा मागवला. उत्तर कोणीच दिलं नाही.

काम मात्र मी असं केलं की बघत राहावं. मागची फळी कापली ती पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर ठेवून, म्हणजे जाळं अलगद आत यावं. त्यावर ॲल्युमिनियमचा फाळका, दोन बाजूंना कड्या, खाली स्टीलची बिजागरी, चारी कडांना टेम्पोच्या दाराचं रबर. आमच्या पेंटरनं कुणाला न विचारता, सवयीनं, त्यावर 'पाहा पण प्रेमाने' असं लिहून टाकलं. आबांना ते इतकं आवडलं की पुसू देईनात. कापलेला तुकडा मी वर्कशॉपच्या कुत्रीला पावसाचा आडोसा म्हणून दिला.

पुढचे दोन महिने आबा फोन करून करून माझी छाती फुगवत होते. जाळं कसं बटाट्याच्या पोत्यासारखं सरकत आत येतं, गुडघा कसा गप बसतो, किती कटला मिळाला, किती चिलापी. ते ऐकून पलीकडच्या वाडीतला आणखी एक मासेवाला आपली होडी माझ्या अंगणात आणून टाकून गेला. तिच्या पाठीवर मी खडूनं रेघ मारून ठेवली, आणि कापायच्या आधी एकदा आपलं काम पाण्यावर चालताना बघून यावं म्हणून आबांकडे जायचं ठरवलं.

पावसाळा संपत आला होता. शुक्रवारी वर्कशॉप बंद असतं, दुपारच्या नमाजापर्यंत परत यायचं असं ठरवून निघालो. आबांनी सातला बोलावलं होतं. टाकव्यात गरम वडे दिसले. मी थांबलो, आणि थांबलो तो थांबलोच. धरणावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. तिथं नऊ-दहाच्या सुमारास डोंगराकडून वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मला मावशींनी ते काठावरच सांगितलं, जरा रागानंच.

होडीत वल्ह्यांशेजारी पाच लिटरचे तीन रिकामे तेलाचे डबे ठेवलेले होते, झाकणं घट्ट लावलेले आणि प्रत्येकाला दोरी बांधलेली. "मावशी, मासे धरायला चाललोय की तेल आणायला?" मी विचारलं.

"बस गुमान," मावशी म्हणाल्या.

मी कुठं बसलो असेन? मागे, फाळक्याला खेटून. माझं काम मला जवळून बघायचं होतं. तेव्हा माझं वजन शंभराला टेकलेलं होतं. आबाही मागेच, कारण जाळं मागून ओढायचं. मावशी मधे, वल्ह्यांवर. होडीचं पुढचं टोक रिकामं, आकाशाकडे बघत. सगळं वजन मागे आहे हे मला दिसत होतं, पण टेम्पोत माल मागे असला तर मी कधी घाबरलो नव्हतो, तसाच तेव्हाही घाबरलो नाही.

जाळ्याची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या बोयापाशी आल्यावर आबांनी कड्या काढल्या. फाळका अलगद खाली आला. आवाज नाही, खडखड नाही. मी आबांकडे बघितलं, आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. जाळं आत यायला लागलं. नवंकोरं जाळं होतं आणि मासा भरपूर होता. मी पण ओढायला लागलो, म्हणजे आणखी जरा मागे सरकलो.

पाणी आलं ते धाडकन नाही आलं. मागून एक लाट आली, फाळक्यावरून सरकली आणि पाहुणी आल्यासारखी आत येऊन बसली. बूट भिजले म्हणून मी हसलो. दुसरी आली. आत आलेलं पाणी मागेच साचत होतं, त्यानं पाठ आणखी खाली गेली, आणि तिसऱ्या लाटेला आत यायला काही अडथळाच उरला नाही. टेम्पोच्या फाळक्यातून रस्ता कधी आत आलेला मी पाहिला नव्हता. तिथं मला पहिल्यांदा कळलं की आपण काय केलंय.

"फाळका लाव!" आबा ओरडले.

मी फाळक्याला हात घातला. तो उचलेना. अर्धं जाळं आत होतं आणि अर्धं पाण्यात, आणि माशांसकट त्याचं सगळं वजन फाळक्यावर. तीस वर्षांत मी लावलेला एकही फाळका असा अडकला नव्हता. खरं सांगतो, त्या क्षणी मला अल्लाहही नीट आठवला नाही, आठवला तो कुत्रीचा आडोसा.

मावशींनी वल्ही सोडली. एक डबा माझ्या अंगावर फेकला. "ह्यो कवळ आन रांगत फुडं जा! हुबा ऱ्हाऊ नगंस!" मी डबा छातीशी धरला आणि रांगत पुढच्या टोकाला गेलो. एवढ्या वजनाचा माणूस पुढे गेल्याबरोबर पाठ वर आली, चांगली चार बोटं. तोवर मावशींनी कमरेचा विळा काढला होता.

"नवं जाळं हाय गं!" आबा कळवळले.

"मग नव्यालाच कापते," असं म्हणून त्यांनी फाळक्यावरून गेलेलं जाळं सरसर कापलं. अर्धं जाळं माशांसकट पाण्यात गेलं. आबांनी फाळका ओढून कड्या लावल्या, आणि मग एका घमेल्यानं ते, अन् माझ्या टोपीनं मी, पाणी उपसत राहिलो. मावशींनी वल्हवत काठाला आणलं. डबा मी सोडला नव्हता, एका हातानंच उपसत होतो.

काठावर आल्यावर जीव भांड्यात पडला आणि आम्ही तिघेही हसत सुटलो. आबांनी तर सुरुवातच केली, "फाळक्याचं काय चुकलं न्हाई, ह्या मिस्त्रीच्या वड्यांचं वजन जास्त झालं." मी पण त्याला हो म्हणणार होतो. गुन्हा वड्यांवर ढकलता आला तर कोणाला नको असतं?

मावशी डब्यांच्या दोऱ्या गुंडाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्यो फाळका लावून आणला, त्या दिसापास्नं दोन डबे होडीत ठिवते. एक ह्यांचा, एक माजा. मला बी पवता येत न्हाई. आज तू येनार म्हनून काल तिसरा घासून ठिवला."

माझं हसू तिथंच थांबलं. दोन महिने मी फोनवर शाबासकी घेत होतो, आणि दोन महिने ही बाई रोज सकाळी, आज बुडू असं धरून, माझं ते काम डोळ्यासमोर ठेवून वल्हवत होती. तिला मी उत्तर दिलं नव्हतं. चहा पाजला होता. मला माझीच इतकी लाज वाटली की मी तसं बोललोही, "मावशी, चुकलो." त्या म्हणाल्या, "व्हय. चल, भाकर खा."

त्या दिवशी नमाजाला उशिरा पोचलो. संध्याकाळी अंगणातल्या दुसऱ्या होडीवरची खडूची रेघ ओल्या फडक्यानं पुसली. तिचा मालक दुसऱ्या दिवशी आला आणि चिडला. "आबाला येक न्याय आन मला येक?" मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेतला, त्याची एक बाजू खाली कापली, पाण्याच्या पिंपात सोडला. तरंगला. मग कापलेल्या बाजूला दोन नट ठेवले. डबा हळूच मागे झुकला, पाणी आत शिरलं आणि तो तळाला गेला. त्या माणसानं स्वतःच्या हातानं तेच पुन्हा करून बघितलं, आणि न कापलेली होडी टेम्पोत घालून घेऊन गेला.

आबांचं एवढं सोपं नव्हतं. "पाठ बंद केलीस तर माज्या गुडघ्याचं काय? मासे सोडून देऊ?" ते म्हणाले, आणि त्यांचं खोटं नव्हतं. पाठ उघडी ठेवली तर जीव जातो आणि बंद केली तर धंदा. या वेळी मी मात्र आधी मावशींना विचारलं.

"फुडचं टोक लाटंवर चडतंय," त्या लगेच म्हणाल्या, जणू दोन महिने कोणी विचारायचीच वाट बघत होत्या. "पाठ चडत न्हाई. जाळं फुडनं घ्या की."

कुत्रीचा आडोसा मी परत घेतला. तिनं नाराजीनं बघितलं, तिला नवा दिला. एमआयडीसीतल्या ओळखीच्या फायबरवाल्यानं तो तुकडा आतून-बाहेरून जोडून दिला, वर आणखी एक वीत चढवली, आणि बैठकीखाली थर्माकोल ठासून बंद केलं, म्हणजे पाणी भरलं तरी होडी तळाला जाऊ नये. पुढच्या टोकाशी मी बेअरिंगवर फिरणारा पाइप बसवला, त्यावरून जाळं फिरत आत येतं. त्यामागे जुन्या रिक्षाची सीट. आबांनी आता वाकायचं नाही, रिक्षावाल्यासारखं बसून ओढायचं. फाळका काढला तो वर्कशॉपच्या भिंतीवर लटकवलाय, 'पाहा पण प्रेमाने' समोर येईल असा. नवं गिऱ्हाईक काही अचाट मागायला लागलं की मी आधी तिकडे बघतो.

होडी पाण्यात सोडली त्या दिवशी मी सातच्याही आधी पोचलो, उपाशीपोटी. मावशींनी नव्या पाठीवरून हात फिरवला, मग तिच्यावर सगळा भार टाकून बघितला, आणि मान हलवली. मग तीन डबे आणून होडीत ठेवले.

"मावशी, पाठ पक्की आहे आता. डबे कशाला?"

"पाठ पक्की हाय म्हनून मी बसते. पानी त्येच हाय म्हनून डबे."

"पण तिसरा तरी? मी काही रोज येत नाही."

"ऱ्हाऊ दे," त्या वल्ही उचलत म्हणाल्या. "तू कुटं सांगून येतोस?"

त्यानंतर मी किती तरी वेळा सांगून, न सांगता गेलो. दर वेळी डबे तीनच असतात. मी माझा उचलतो, छातीशी धरतो आणि होडीत कुठं बसू ते मावशींना विचारतो.