काकांची ग्यारंटी

कुणाचाही लॅपटॉप बिघडला की छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीतले काका आधी त्यावर तळहात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "कुछ नी, भिया. मी बसलोय ना!" तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, फुकट दुरुस्ती करणारा आणि वर चहात आलं कमी पडलं म्हणून रागावणारा.

माझ्या मुलीचा लॅपटॉप स्टँडबायमधून उठला की रडतखडत चालायचा. काका म्हणाले, "झोपेतून उठल्यावर प्रोसेसर सगळ्यात खालच्या स्पीडवर अटकतोय." संध्याकाळभर खपून त्यांनी सेटिंग बदललं. "आता बंद करायची झंझटच नको, बेटा. झाकण लाव, उघडलं की हाजिर! अपनी ग्यारंटी है."

मुलीचा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता त्या सकाळी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे येऊन बसले, जणू नोकरी त्यांनाच लागायची होती. मी पोहे दिले. आतल्या खोलीत मुलीने झाकण उघडलं आणि लॅपटॉप पुन्हा रखडला. तिचा आवाज तुटत होता, चित्र अडकत होतं. काका बशी टाकून आत धावले. चार्जर काढला, लावला, शेवटी रीस्टार्ट केला. लॅपटॉप ठणठणीत चालू झाला, तोवर समोरची मंडळी निघून गेली होती.

"ग्यारंटी मी दिली होती," काका एवढंच म्हणाले. मुलगी रडत होती. मी त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही, पण 'बसा' असंही म्हणाले नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

त्यानंतर काका आमचं दार टाळून, नदीकडून फेरा घालून घरी जाऊ लागले. एकदा बाजारात समोर आले, तर मला पाहून लगबगीने साड्यांच्या दुकानात शिरले. बिनलग्नाच्या माणसाला साड्या कशाला हव्यात!

पुढे मुलीला दुसरीकडे नोकरी लागली. नवा लॅपटॉप आला. "आई, सेटिंग काकाच करतील," ती हट्टाने म्हणाली. आम्ही दोघी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. आत टीव्ही चालू होता. कडी वाजवताच तो बंद झाला.

"काका, मी आहे! नोकरी लागली मला!"

आत पावलं दारापर्यंत आली. मग अगदी दाराला लागून त्यांचाच आवाज आला, "काका घरी नाहीत, बेटा."

मुलीने पेढे उंबऱ्यावर ठेवले. डोळे पुसत म्हणाली, "आले की सांगा, मी वाट पाहतेय."

"सांगतो," आतून उत्तर आलं.